आरंभकाळचा नकार

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताना पडद्यावरून ज्या शेकडो ओळी सरकून जातात त्या वाचण्याची कोणास सवड नसते, आणि सांप्रतच्या बहुतेक वितरणांनी तर त्या एका बोधचिन्हाच्या आड झाकूनच टाकल्या आहेत. तथापि त्यांतील एखादी ओळ तांबडी होऊन उमटली आणि कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, मॉड्यूले भरण्यात अपयश आल्याचा मजकूर तीत दिसला, म्हणजे समोर बसलेल्या मनुष्याच्या मनात दोन परस्परविरोधी प्रवृत्ती एकदम उभ्या राहतात. एक म्हणते की, हा अडथळा मिळेल त्या उपायाने दूर करावा आणि कामास लागावे. दुसरी म्हणते की, ज्याअर्थी यंत्राने नकार दिला आहे त्याअर्थी त्यास काही कारण असले पाहिजे, आणि ते कारण वाचल्यावाचून उपायास हात घालू नये. या दोन प्रवृत्तींचा वाद राळेगावी एका अभ्यासिकेत मला सविस्तर ऐकावयास मिळाला. माझा कल दुसरीकडे आहे हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु पहिलीच्या बाजूने जे बोलले गेले ते इतके वजनदार होते की, ते गाळून केवळ निष्कर्ष मांडणे मला अन्यायाचे वाटते.

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. भोवताली कापसाचा मुलूख, आणि पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाणे ही नित्याची बाब. या अभ्यासिकेची व्यवस्था पाहणारे गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. स्पर्धा परीक्षांची मुले त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यांची पुतणी पुण्यास सर्व्हर सांभाळण्याचे काम करते, आणि मुलांच्या उपयोगाच्या संगणकावर उबुंटू तिनेच पूर्वी बसवून दिले होते. त्या यंत्रावर अद्ययावतीकरण चालू असता वीज गेली, जीर्ण झालेल्या यूपीएसने साथ दिली नाही, आणि पुन्हा सुरू करताच, मूळ फाइलव्यवस्था जोडता येत नाही व ती ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच ओळखता येत नाही, अशा अर्थाची ओळ लिहून कर्नल जागच्या जागी थांबला.

काकाजींचा पहिला आक्षेप मूलगामी होता. ते म्हणाले, "बेटा, कालपर्यंत हीच डिस्क या यंत्रास ठाऊक होती. डिस्क वाचण्याची विद्या ही काही शोभेची वस्तू नव्हे. ती कर्नलच्या अंगातच असली पाहिजे. जी गोष्ट रोज लागणार ती बाहेरच्या सुट्या तुकड्यांत ठेवायची, आणि ऐन उठण्याच्या वेळी तो तुकडा सापडला नाही म्हणून अख्खे यंत्र बसवून ठेवायचे, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची? सगळे एकजीव करून टाकले असते तर हा प्रसंगच आला नसता."

"काकाजी, आरंभी तसेच होते," पुतणी म्हणाली. "लायनस तोरवाल्ड्स याने 1991 च्या ऑगस्टमध्ये आपल्या या उद्योगाची वार्ता जाहीर केली तेव्हा त्याच्या कर्नलला फक्त त्याच्या स्वतःच्या यंत्रातील जातीची हार्ड डिस्क चालवता येत होती, कारण दुसरी त्याच्यापाशी नव्हती. पुढे लोकांनी आपापल्या उपकरणांची भर घातली, आणि ज्याला जे हवे ते निवडून प्रत्येकाने आपल्या यंत्रापुरता कर्नल संकलित करावा असा प्रघात पडला. ज्याला संकलन येते त्याला ते ठीक होते. पण जो मनुष्य तयार वितरण बसवू इच्छितो त्याच्या यंत्रात कोणती डिस्क, कोणते नेटवर्क कार्ड, कोणता ध्वनिसंच आहे हे वितरण बांधणाऱ्याला कसे कळावे? सगळेच अंगात भरावे तर कर्नल अवाढव्य होतो, आणि ज्याचा उपयोग नाही तेही स्मृतीत जागा अडवून बसते. म्हणून मॉड्यूले आली. आज या यंत्राच्या लिब-मॉड्यूल्स फोल्डरात अशी हजारो मॉड्यूले आहेत. चालू असतात ती त्यांतील मूठभर."

येथे वाचकास एका जुन्या वादाची आठवण करून देणे मला अवश्य वाटते. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी, ज्यांची मिनिक्स ही शिक्षणोपयोगी प्रणाली 1987 पासून प्रचारात होती, 1992 च्या जानेवारीत लिनक्सवर जाहीर टीका केली. सर्व कारभार एकाच कर्नलमध्ये कोंबण्याची रचना कालबाह्य असून, लहानसे गर्भकेंद्र आणि बाकीची कामे त्याच्या बाहेर वेगवेगळ्या प्रक्रियांकडे, हीच पुढील काळाची रचना होय, असा त्यांचा पक्ष होता. तोरवाल्ड्सने तो मानला नाही. मॉड्यूल म्हणजे या दोन पक्षांतील तडजोड असे पुष्कळांस वाटते, परंतु ते यथार्थ नाही. मॉड्यूल जरी बाहेर सुटे ठेवलेले असले तरी एकदा आत आले म्हणजे ते कर्नलचेच अंग होते. कर्नलचे सर्व अधिकार त्यास प्राप्त होतात, आणि त्याच्या चुकीने संपूर्ण यंत्र कोसळू शकते. पुढील साऱ्या संवादाचे मर्म या एका वस्तुस्थितीत आहे.

पुतणीने मग डिस्कचा पेच उलगडला. मॉड्यूले डिस्कवर आहेत. डिस्क वाचण्यास डिस्कचे मॉड्यूल हवे. ते डिस्कवरच असेल तर ते वाचावे कशाने? हा अन्योन्याश्रय मोडण्यासाठी बूटलोडर कर्नलच्या जोडीला इनिटरामएफएस नावाचे एक लहानसे गाठोडे स्मृतीत आणून ठेवतो. 2003 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या 2.6 या आवृत्तीपासून ही पद्धत रूढ होत गेली. डिस्कच्या नियंत्रकाचे व फाइलव्यवस्थेचे मॉड्यूल त्या गाठोड्यात असते. कर्नल ते काढतो, डिस्क ओळखतो, मूळ फाइलव्यवस्था जोडतो, आणि मगच खरा आरंभ होतो. अद्ययावतीकरणात नवा कर्नल डिस्कवर उतरला, पण त्याचे गाठोडे बांधले जात असतानाच वीज गेली. "म्हणजे कर्नल विसरला नाही, काकाजी. त्याला जे मिळायचे ते मिळालेच नाही."

"मग जुन्या कर्नलचे गाठोडे तर शाबूत असेल?"

"आहे."

"मग त्यानेच सुरू कर. त्याला कोणी बडतर्फ केले आहे?"

हा उपाय इतका सोपा आहे, आणि गोंधळात इतक्यांना तो सुचत नाही, की मी येथे थोडा थांबतो. वितरणे जुना कर्नल लगेच पुसून टाकत नाहीत. ग्रब या बूटलोडरच्या यादीत प्रगत पर्यायांखाली तो उभा असतो. नव्याने दगा दिला तर जुन्याने उठावे, आणि जिवंत यंत्रावर बसून नव्याची तपासणी करावी. मृत यंत्रासमोर बसून तर्क लढवण्यापेक्षा हा मार्ग किती श्रेयस्कर आहे हे ज्याने एकदा केले त्यास सांगावे लागत नाही. पुतणीने जुन्या कर्नलने यंत्र उठवले, डीपीकेजीला अर्धवट राहिलेली जुळणी पूर्ण करण्याची आज्ञा दिली, अपडेट-इनिटरामएफएसकडून नव्या आवृत्तीचे गाठोडे पुन्हा बांधून घेतले, आणि नवा कर्नल डिस्कपर्यंत निर्वेध पोचला.

परंतु गाठोड्यात काय असावे यावर वाद राहिलाच. डेबियन व उबुंटू यांच्या घरी संकेत असा की, बहुतेक सर्व प्रकारच्या डिस्क-नियंत्रकांची मॉड्यूले त्यात भरावीत; उलट फेडोराच्या ड्रेकटमध्ये केवळ त्याच यंत्रास लागणारी निवडून भरण्याचा परिपाठ आहे, आणि आर्चची साधनेही यंत्राची झडती घेऊन अनावश्यक ते वगळतात. पुतणीला दुसरी रीत आवडते. गाठोडे लहान, उठणे जलद. काकाजींनी विचारले, "हे यंत्र उद्या जळाले, आणि यातली डिस्क काढून मी त्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या जातीच्या यंत्रात बसवली, तर?" तिला कबूल करावे लागले की, दुसऱ्या यंत्राचा नियंत्रक वेगळा असल्यास निवडक गाठोड्यात त्याचे मॉड्यूल नसेल, डिस्क दिसणार नाही, आणि आपत्कालीन शेलच्या ओसाड पडद्यासमोर माणूस बसून राहील. पुण्याच्या कपाटात एकाच जातीची अनेक यंत्रे असतात, तेथे काटकसर शोभते. तालुक्याच्या गावी जेथे एका यंत्राचे अवयव दुसऱ्यास लावून दिवस काढावे लागतात तेथे भरगच्च गाठोडेच हितावह. या मुद्द्यावर काकाजींचा पक्ष मला निर्विवाद बळकट वाटतो.

नवा कर्नल उठला खरा, पण आता ती तांबडी ओळ दिसली, आणि वाय-फाय बंद होते. साहजिकच सर्वांनी दोहोंचा संबंध जोडला. एका मुलाला त्याच दिवशी परीक्षेचा अर्ज भरायचा होता, मुदत संपत आली होती. जे मॉड्यूल भरले गेले नाही ते वाय-फायचेच असणार, तेवढे बळजबरीने भरून टाका, असे जमलेल्यांचे मत पडले. या ठिकाणी काकाजींनी आपल्या चाळीशीची दोरी नीट केली आणि एक प्रश्न विचारला, जो मला या संबंध प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा वाटला: "ही तांबडी ओळ काल होती काय?"

कोणास ठाऊक नव्हते, कारण काल बोधचिन्हाच्या आड काहीच दिसत नव्हते. परंतु सिस्टिमडी प्रत्येक उठणीचा रोजनामचा राखून ठेवते, आणि जर्नलसीटीएलला विचारले असता मागील उठण्यांच्या नोंदीही मिळतात. पुतणीने चालू रोजनामचा आणि आठवड्यापूर्वीचा रोजनामचा शेजारी शेजारी ठेवले. तीच ओळ, त्याच शब्दांत, मागेही होती. आणि त्या दिवशी वाय-फाय चालू होते.

मग तिने मॉड्यूल्स-लोड या सेवेची स्थिती पाहिली. ही सेवा फार साधी आहे: इटीसीखालील मॉड्यूल्स-लोड-डी या फोल्डरातील व तत्सम अन्य ठिकाणच्या याद्या वाचायच्या, आणि त्यांत लिहिलेले प्रत्येक नाव कर्नलकडे न्यायचे. एक नाव जरी सापडले नाही तरी सेवा अयशस्वी म्हणून नोंदली जाते आणि पडद्यावर तांबडे अक्षर येते. बाकीची सर्व नावे बिनबोभाट भरली गेली असली तरीही. येथे यादीत एका जुन्या उपकरणाच्या मॉड्यूलचे नाव कोणी तरी हाताने लिहून ठेवले होते. उपकरण केव्हाच मोडीत गेले, त्याचे पॅकेज काढून टाकले गेले, आणि नाव मात्र राहिले. अशी नावे निरनिराळ्या वाटांनी याद्यांत शिरतात. उबुंटूच्या मुद्रणसामग्रीबरोबर एलपी, पीपीडेव्ह आणि पारपोर्ट-पीसी ही समांतर पोर्टाच्या छापयंत्रांची नावे येतात, मग ते पोर्ट यंत्राला असो वा नसो. तांबडी ओळ ही खोटी नव्हती, पण ती दुसऱ्याच खटल्याची होती. आणि खरे विघ्न, म्हणजे वाय-फायचे, कोणत्याही रंगाची ओळ न लिहिता मुकाट बसून होते.

मी येथे एवढेच म्हणेन की, सर्वांत ठळक नोंद हीच सर्वांत महत्त्वाची, ही समजूत जितके तास वाया घालवते तितके दुसरी कोणतीही घालवत नसेल.

वाय-फायचे उपकरण बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जातीचे, यूएसबीच्या खोबणीत बसणारे होते. असे कोणतेही उपकरण लावताच ते आपला निर्मातृक्रमांक व उपकरणक्रमांक सांगते. कर्नल त्यांचे एक टोपणनाव तयार करून युडेव्हकडे वर्दी देतो. मॉड्यूल्स-एलियस या फाइलीत ते टोपणनाव कोणत्या मॉड्यूलाचे हे नोंदलेले असते, आणि मॉडप्रोब ते मॉड्यूल, त्याला जी इतर मॉड्यूले लागतात त्यांसह, योग्य क्रमाने आणते. एलएसयूएसबीच्या यादीत उपकरण दिसत होते, म्हणजे तार व खोबण निर्दोष होती. पण त्याला वाली कोणी नव्हता. मॉडप्रोबला नाव घेऊन सांगितले तेव्हा उत्तर आले की, या आवृत्तीच्या फोल्डरात असे मॉड्यूल नाही. जुन्या आवृत्तीच्या फोल्डरात ते होते.

काकाजी उसळून म्हणाले, "मग तेथून उचल आणि येथे ठेव! तोच तो तुकडा, तेच ते यंत्र. त्या पोराची मुदत संपते आहे. कारणांची मीमांसा उद्या करू. आज त्याचा अर्ज जाऊ दे. तुम्ही शिकलेली माणसे नियमाचे पुस्तक उघडून बसता, आणि गरजवंत दारात उभा राहतो. मी उभा जन्म कचेरीत काढला आहे, मला हे दृश्य पुरेपूर ठाऊक आहे."

या बोलण्यात जो कळवळा होता त्याची किंमत मी कमी लेखत नाही. यंत्र माणसासाठी आहे, आणि राळेगावच्या मुलाने कर्नलच्या अंतर्रचनेचा अभ्यास करावा अशी अपेक्षा बाळगण्याचा कोणास अधिकार नाही. पुतणीही क्षणभर गप्प राहिली. मग तिने जे सांगितले ते मी तिच्याच शब्दांत देतो.

"काकाजी, तुमच्याच कचेरीचा दाखला घ्या. दुसऱ्या तालुक्याचा कारकून बदलीचा हुकूम न घेता तुमच्या खुर्चीवर येऊन बसला, आणि तुमच्या तालुक्याचे फेरफार त्याच्या तालुक्याच्या नोंदवहीच्या रकान्यांप्रमाणे लिहू लागला, तर काय होईल? अक्षर चांगले, हिशेब बरोबर, मनुष्य प्रामाणिक; पण तिसऱ्या रकान्यात तो क्षेत्र लिहितो आणि तुमच्या वहीत तिसरा रकाना आकाराचा आहे. मॉड्यूल संकलित होते तेव्हा त्या वेळच्या कर्नलच्या अंतर्गत रचनेत कोणते क्षेत्र कितव्या बाइटवर आहे हे त्याच्यात पक्के बसलेले असते. आवृत्ती बदलली की ते हलू शकते. म्हणून प्रत्येक मॉड्यूलावर वर्मॅजिक नावाची खूण असते, आणि ते कर्नलमधील ज्या ज्या चिन्हांचा वापर करते त्यांची तपासणी-बेरीजही नोंदलेली असते. न जुळल्यास कर्नल सांगतो, की मॉड्यूलाचा नमुना अग्राह्य आहे, किंवा अमुक चिन्हाच्या आवृत्तीबद्दल मतभेद आहे. हा उद्धटपणा नाही. तो तुमच्या वहीचे रक्षण करतो आहे."

"आणि बळजबरी केलीच तर?"

"मॉडप्रोबला तसा पर्याय आहे, तो या दोन्ही खुणा पुसून मॉड्यूल पुढे करतो. अनेक वितरणांच्या कर्नलात ती वाटच बंद ठेवलेली असते. जेथे उघडी आहे तेथे कर्नल मॉड्यूल घेतो, पण स्वतःवर एफ अक्षराचा कलंक लावून घेतो, आणि पुढे काहीही बिघडले तरी विकासक प्रथम तो कलंक पाहतात व तक्रार बाजूला ठेवतात. कदाचित वाय-फाय चालेलही. कदाचित ते ज्या स्मृतीवर लिहील ती डिस्कच्या व्यवस्थेची असेल, आणि या अभ्यासिकेतल्या मुलांची टिपणे त्यात जातील. चालले की नाही हे लगेच कळते; बिघडले की नाही हे महिन्याने कळते."

काकाजींनी हे ऐकून घेतले, आणि ज्या शांतपणे त्यांनी उत्तर दिले त्यात पराभवाचा लवलेश नव्हता. "ठीक. पण मग जुन्या कर्नलने परत सुरू कर. त्याचा तुकडा त्याच्यापाशी आहे. पोराचा अर्ज जुन्यावरून जाईल, आणि तुझे संशोधन त्याच्या मागून होईल." तसेच केले गेले, अर्ज वेळेत गेला. जुना कर्नल नसता तर भ्रमणध्वनी यूएसबीने जोडून त्याच्या इंटरनेटवर काम भागवता आले असते, कारण त्याला लागणारी मॉड्यूले कर्नलसोबतच येतात. तात्पर्य, निकड आणि मीमांसा यांत विरोध दिसला तो पुष्कळ अंशी आभासरूप होता. जबरदस्तीवाचूनही निकड भागत होती, फक्त ती वाट कोणी तरी थंड डोक्याने शोधावी लागत होती.

आता कारण. हे मॉड्यूल कर्नलच्या मूळ वृक्षातले नव्हते. त्याचा स्रोत वेगळा आणून डीकेएमएसकडे सोपवलेला होता. डीकेएमएस हे साधन मुळात डेल कंपनीत निर्माण झाले. नवा कर्नल बसला की बाहेरील मॉड्यूले त्याच्यासाठी पुन्हा संकलित करावीत हे त्याचे कार्य. परंतु संकलनास त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. पूर्वी मॉड्यूल बसवताना चालू आवृत्तीच्या हेडर फाइली तेवढ्या नाव घेऊन आणल्या गेल्या; आवृत्ती पुढे जाईल तशा पुढच्या हेडर आपोआप आणणारे जे सर्वसाधारण पॅकेज असते ते बसवायचे राहिले. बहुसंख्य मार्गदर्शिकांत तीच आज्ञा दिलेली असते, म्हणून असंख्य यंत्रांवर हेच घडते: पहिल्या दिवशी सर्व सुरळीत, आणि पुढच्या कर्नलला वाय-फाय गप्प. लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे पॅकेज येताच डीकेएमएसने मॉड्यूल बांधले, डेपमॉडने त्याची नोंद घेतली, आणि नव्या कर्नलवर उपकरणास वाली मिळाला. वीज जाण्याचा याच्याशी काहीही संबंध नव्हता. वीज न जाता हे अद्ययावतीकरण पार पडले असते तरी वाय-फाय गेलेच असते.

मॉड्यूल आणण्याचे एवढे झाल्यावर ते येऊ न देण्याच्या काळ्या यादीविषयीही थोडे बोलणे झाले. एखादे मॉड्यूल नको असेल तर मॉडप्रोब-डी फोल्डरात ब्लॅकलिस्ट असे लिहून त्याचे नाव टाकावे, ही सर्वश्रुत युक्ती. परंतु त्याने फक्त टोपणनावावरून होणारी आपोआप भरती थांबते. कोणी नाव घेऊन मागितले, किंवा दुसऱ्या मॉड्यूलाला ते लागले, तर ते येतेच. आणि आरंभीच्या गाठोड्यात ते असेल तर गाठोडे पुन्हा बांधल्यावाचून नवी यादी तेथे पोचत नाही.

यानंतर संभाषण ज्या विषयाकडे वळले तेथे दोघांच्या भूमिका अनपेक्षितपणे उलटल्या. 2012 च्या डिसेंबरात आलेल्या 3.7 आवृत्तीपासून मॉड्यूलांवर सही करण्याची व ती पडताळण्याची सोय कर्नलमध्ये आहे. सिक्युअर बूट, म्हणजे सही पडताळूनच उठण्याची सोय, चालू असलेल्या यंत्रावर अनेक वितरणे बिनसहीचे मॉड्यूल घेत नाहीत, आणि आवश्यक ती किल्ली उपलब्ध नाही असे उत्तर देतात. डीकेएमएसने घरी बांधलेल्या मॉड्यूलासाठी स्वतःची किल्ली करून ती यंत्राला एकदा, पुढील उठणीच्या वेळी निळ्या पडद्यावर संकेतशब्द देऊन, मान्य करवून घ्यावी लागते. पुतणी म्हणाली, "घरगुती यंत्रांवर मी सरळ सिक्युअर बूट बंद करते. तो पडदा लोक घाईत वगळतात, आणि मग आठवडाभर मॉड्यूल का येत नाही म्हणून शोधत बसतात."

काकाजी ताठ बसले. "इतका वेळ तू मला सांगितलेस की नकार हे रक्षण आहे. आणि आता शिक्क्याची अट आली तर शिक्काच काढून टाकतेस? या खोलीत रोज निरनिराळी मुले येतात, पेनड्राइव्ह लावतात. जो तुकडा आत येऊन कर्नलचे सर्व अधिकार भोगणार, त्याच्यावर कोणाची तरी सही असलीच पाहिजे. सही कोणाची, हा प्रश्न मी समजू शकतो. ती आपल्या किल्लीची असावी, परक्याची नसावी, हेही मला पटते. पण सहीच नको, हे मला पटत नाही."

तिने उत्तर दिले की, संकलन जर यंत्रावरच होत असेल आणि किल्लीही तेथेच पडून असेल तर घुसखोर तीच किल्ली वापरील. सहीचा अर्थ किल्ली कोठे ठेवली यावर अवलंबून आहे. हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. तरीही मला काकाजींचे म्हणणे अधिक सुसंगत वाटते. ज्या तत्त्वाने वर्मॅजिकचा नकार आदरणीय ठरतो त्याच तत्त्वाने सहीचाही ठरतो, आणि गैरसोय वाढली म्हणून तत्त्व शिथिल करण्यास आरंभ केला की बळजबरीच्या पर्यायापर्यंत पोचण्यास फार अवकाश लागत नाही.

एक गोष्ट दोघांनाही सारखीच खुपत होती. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत, सी-डॅकच्या बॉस लिनक्समध्ये पडद्यावरील व्यवहार भारतीय भाषांत करता येतो. पण कर्नल जो रोजनामचा लिहितो तो इंग्रजीतच. राळेगावचे मूल मराठी मेनूतून अर्ज भरते, आणि यंत्र अडले की त्याच्यापुढे परकी ओळ उभी राहते. काकाजींचे म्हणणे असे की, आरंभकाळच्या नकारांचे प्रकार बोटांवर मोजण्याजोगे आहेत: मॉड्यूल सापडले नाही, नमुना जुळला नाही, चिन्ह अज्ञात, किल्ली नाही, उपकरण नाही, आणि मॉड्यूल आले पण त्याची फर्मवेअर फाइल नाही. एवढ्यांचा अर्थ व प्रत्येकाची पहिली तपासणी एका पानावर मराठीत लिहून भिंतीवर लावता येईल. पुतणीने ते पान त्याच रात्री लिहिण्याचे कबूल केले. फर्मवेअरच्या कलमाखाली डेबियनचा उल्लेख करावा असे मी सुचवले, कारण 2022 च्या मतदानानंतर 2023 च्या जूनमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून त्यांच्या अधिकृत स्थापनासामग्रीतच अशा फाइली येतात, आणि ज्याला नवे यंत्र उभारायचे आहे त्याचा एक मोठा त्रास त्याने वाचतो.

शेवटी पुढील बंदोबस्ताचा प्रश्न निघाला. काकाजींचा आग्रह असा की, कर्नलचे अद्ययावतीकरण रोखून धरावे. चालते यंत्र बदलू नये. पुतणीने त्यास स्पष्ट नकार दिला, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेने येतात आणि हे यंत्र सार्वजनिक आहे. मध्यममार्ग ठरला तो असा: यूपीएसची बॅटरी बदलल्यावाचून अद्ययावतीकरण करू नये, ते आपोआप न होता काकाजींच्या समक्ष व्हावे, मागील एक कर्नल नेहमी शिल्लक राहील हे पाहावे, आणि यादीतले ते मृत नाव काढून टाकावे, म्हणजे यापुढे तांबडी ओळ उमटलीच तर ती खरी असेल.

"आणि या बाहेरच्या मॉड्यूलाचा स्रोत लिहिणाऱ्याने उद्या हात वर केले, नव्या कर्नलवर ते संकलितच झाले नाही, तर?" काकाजींनी विचारले.

"तर त्यावर येथे बसून उपाय नाही," ती म्हणाली. "कर्नलच्या मूळ वृक्षात ज्याचे मॉड्यूल आहे असेच उपकरण घ्यावे लागेल. वृक्षातले मॉड्यूल कर्नलबरोबरच दुरुस्त होत जाते; अंतर्गत रचना बदलणारा मनुष्यच त्या मॉड्यूलातही बदल करतो. दुकानदाराकडून उपकरणाचे दोन क्रमांक आधी मागून घ्या, आणि त्यांवरून होणारे टोपणनाव नव्या कर्नलच्या मॉड्यूल्स-एलियसमध्ये आहे की नाही ते पाहून मगच पैसे द्या."

काकाजींनी साहित्य-खरेदीची वही ओढली आणि पुढील मागणीच्या तपशिलात, किमतीच्या रकान्याच्या अगोदर, निर्मातृक्रमांक आणि उपकरणक्रमांक असे दोन नवे रकाने आखले.